हौशी कोणास म्हणावे?

'हौशी' हा शब्द मराठीत मोठा गोड आहे. हौशी नट म्हटले म्हणजे दिवसभर कचेरीत किंवा शाळेत राबून रात्री तालमीला धावणारा, पदरचे चार पैसे खर्चून नाटक उभे करणारा आणि पहिल्या रांगेतील एखाद्या जाणत्या पाहुण्याने मान डोलावली की वर्षभराचे श्रम फिटले असे समजणारा गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. तो कारकून आहे की सुतार आहे, ह्याची चौकशी कोणी करीत बसत नाही. इंग्रजीतील 'अमॅच्युअर' हा शब्दही मुळात असाच. प्रेम करणे ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो निघाला आणि फ्रेंच भाषेच्या वाटेने इंग्रजीत आला. एखाद्या गोष्टीवर ज्याचे मनापासून प्रेम आहे तो अमॅच्युअर, इतका त्याचा साधा अर्थ. परंतु एके काळी इंग्लंडातील नद्यांवर ह्या शब्दाला असा काही विलक्षण अर्थ चिकटला की, सुताराने, लोहाराने किंवा गवंड्याने कितीही प्रेमाने वल्हे हाती धरले, तरी त्यास हौशी म्हणवून घेता येईना. त्या अर्थाविरुद्ध एक वृद्ध कोशकार आणि चहाच्या दुकानांत काम करणाऱ्या काही मुली ह्यांनी जे केले, त्याची ही हकीकत आहे. लंडनच्या पश्चिम भागात हॅमरस्मिथ येथे थेम्स नदीच्या काठी त्यांचे नौकामंडळ स्थापन झाले ते 1896 साली. आणि ते आजही आपल्या नावा पाण्यात उतरवीत आहे.

हा वाद समजण्यासाठी प्रथम त्या नदीची ओळख करून घेतली पाहिजे. थेम्स ही शेकडो वर्षे लंडनचा हमरस्ता होती. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहराच्या मध्यभागी पूल असा एकच होता; रस्ते अरुंद आणि चिखलाने भरलेले. तेव्हा ज्याला पैलतीरी जावयाचे असेल त्याने घाटावर उभे राहून नावाड्याला हाक मारावी, हा नित्याचा परिपाठ होता. नावाड्यांचा धंदा इतका मोठा की, 1555 साली पार्लमेंटाने कायदा करून त्यांची एक संस्था बांधून दिली. मुलाने कित्येक वर्षे उमेदवारी करावी, भरती-ओहोटी, पुलाखालचे भोवरे आणि धुके ह्यांची पारख करावी, आणि मगच त्याला स्वतःची नाव चालविण्याचा परवाना मिळावा, असा शिरस्ता असे. 1715 साली टॉमस डॉगेट नावाच्या एका विनोदी नटाने नुकतीच उमेदवारी संपविलेल्या नावाड्यांसाठी लंडन ब्रिजपासून चेल्सीपर्यंत एक शर्यत सुरू केली. जिंकणाऱ्यास एक डगला आणि दंडावर मिरविण्याचा रुप्याचा मोठा बिल्ला मिळे. ती शर्यत आजतागायत चालू आहे. म्हणजे वल्हवण्याच्या शर्यतीची परंपरा इंग्लंडात ज्यांनी रुजविली, ते हात कष्टाचे होते. सरदार-दरकदारांच्या मुलांनी ही विद्या उचलली ती ह्याच नावाड्यांपासून.

पुढे ऑक्सफर्ड व केंब्रिज ह्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना ह्या खेळाचा नाद लागला. दोन्ही विद्यापीठांची पहिली शर्यत 1829 साली हेन्ले ह्या गावी झाली, आणि 1839 पासून त्याच गावी दरवर्षी नौकाशर्यतींचा मोठा मेळा भरू लागला. इकडे विद्यार्थ्यांची हौस वाढत होती आणि तिकडे नावाड्यांचे पोट आवळत होते. नवे पूल झाले, आगबोटी आल्या, मागोमाग आगगाडी आली. उतारू नाहीसे झाले. तेव्हा कसलेले नावाडी पैजेच्या शर्यतींकडे वळले. दोन नावाडी शर्यतीस उभे राहावयाचे आणि त्यांच्यावर हजारो लोकांनी पैसे लावावयाचे, असा प्रकार सुरू झाला. जेथे पैज आली तेथे लबाडीही आली. मुद्दाम हरणे, दुसऱ्याच्या नावेवर नाव घालणे, असल्या गोष्टी घडू लागल्या. त्यामुळे खेळ निर्मळ राहावा म्हणून पैशासाठी खेळणाऱ्यांस वेगळे काढावे, असे कोणी म्हटले असते तर त्यात वावगे काहीच नव्हते. दिवसाचे दहा-बारा तास वल्हे मारणाऱ्या नावाड्यापुढे सुटीच्या दिवशी वल्हे धरणाऱ्या विद्यार्थ्याचा टिकाव लागणे कठीण, ही तक्रारही समजण्यासारखी होती.

परंतु नियम करणारे तेवढ्यावर थांबले नाहीत. 1878 साली प्रमुख नौकामंडळांतील मंडळींनी एकत्र बसून हौशी वल्हेकऱ्याची व्याख्या ठरविली, आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे 1879 साली, हेन्लेच्या चालकांनी आपली व्याख्या जाहीर केली. पैशासाठी शर्यत खेळलेला, पैसे घेऊन खेळ शिकविलेला, नावांच्या धंद्यात मजुरी केलेला मनुष्य हौशी नव्हे, एवढे तीत होतेच. त्याच्या पुढे आणखी एक कलम होते. जो मजुरीवर काम करणारा यंत्रकारागीर, हस्तव्यवसायी अथवा मजूर आहे किंवा पूर्वी कधी होता, तोही हौशी नव्हे. 1882 साली हौशी वल्हेकऱ्यांचा मध्यवर्ती संघ स्थापन झाला, त्यानेही हेच धोरण उचलले, आणि काही वर्षांनी हलकीसलकी चाकरी करणाऱ्यांचीही त्यात भर घातली.

ह्या कलमाचा अर्थ काय झाला तो पाहण्यासारखा आहे. ईटनसारख्या श्रीमंत शाळेतील मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षापासून उत्तम नावेत, उत्तम शिक्षकाच्या देखरेखीखाली रोज वल्हवीत असे; विद्यापीठात गेल्यावर तर त्याचा अर्धा दिवस नदीवरच जाई. तो हौशी. आणि आठवडाभर रंधा ओढून रविवारी दोन तास भाड्याच्या नावेत बसणारा सुतार, ज्याने वल्ह्यावर आयुष्यात एक पेनीही मिळविली नाही, तो मात्र हौशी नव्हे. कारण त्याच्या हातांना घट्टे पडले होते ते रंध्याने. फार काय, लहानपणी चार महिने एखाद्या कारखान्यात मजुरी करून पुढे विद्वान झालेल्या मनुष्यालाही तो डाग धुऊन काढण्याची सोय नव्हती. खेळातील लबाडीला आळा घालावयाच्या निमित्ताने उभारलेली भिंत ही अशी जातीची भिंत झाली. ज्या समाजात जन्मावरून विटाळ मानण्याची रूढी होऊन गेली, त्या समाजातील वाचकांना ही गोष्ट अधिक समजावून सांगावयास नको.

ह्या भिंतीवर ज्यांनी पहिला घाव घातला, त्यांत डॉ. फ्रेडरिक जेम्स फर्निव्हल हे प्रमुख होते. त्यांचा जन्म 1825 साली थेम्सकाठच्या एगम ह्या गावी एका सुखवस्तू डॉक्टराच्या घरी झाला. केंब्रिजला शिकत असताना वल्हवण्याच्या छंदाने त्यांना पुरते झपाटले. त्या काळी वल्ह्याचा टेकू नावेच्या काठावरच असे. त्यामुळे वल्ह्याला रेटा मिळावा म्हणून नाव रुंद ठेवावी लागे, आणि रुंद नाव जड चाले. हा टेकू काठाबाहेर काढलेल्या लोखंडी दांड्यावर बसविला तर नाव अरुंद आणि हलकी करता येते, ही युक्ती तेव्हा नवी होती. फर्निव्हल ह्यांनी विद्यार्थिदशेतच अशा अरुंद नावेचे प्रयोग केले. पुढे 1849 साली ते बॅरिस्टर झाले. परंतु वकिलीत त्यांचे मन रमले नाही. त्यांना दोन गोष्टींचे वेड होते. एक जुने इंग्रजी शब्द आणि दुसरे नदीचे पाणी.

शब्दांच्या वेडाने त्यांना इंग्रजीच्या महाकोशाकडे नेले. लंडनच्या भाषाशास्त्र मंडळाचे ते 1853 पासून मरेपर्यंत चिटणीस होते. त्या मंडळाने इंग्रजी भाषेचा नवा कोश करण्याचे ठरविले, आणि पहिले संपादक अकाली वारल्यावर 1861 साली ते काम फर्निव्हल ह्यांच्याकडे आले. हाच कोश पुढे ऑक्सफर्डचा म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्याची रीत अशी होती की, शेकडो वाचकांनी जुने-नवे ग्रंथ वाचावे, शब्दांचे प्रयोग कागदाच्या तुकड्यांवर उतरून घ्यावे आणि ते संपादकाकडे पाठवावे. ह्या वाचकांना मोबदला मिळत नसे. हौसेखातर केलेल्या कामाचा एवढा मोठा डोंगर जगात क्वचितच उभा राहिला असेल. 1879 साली जेम्स मरे ह्यांनी संपादनाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा फर्निव्हल ह्यांच्याकडून त्यांना सुमारे दोन टन वजनाचे कागदाचे तुकडे मिळाले. त्यांतील काही पोत्यांत उंदरांनी संसार थाटला होता, असे सांगतात. गंमत अशी की, ज्या वर्षी फर्निव्हल ह्यांनी कोश हातावेगळा केला, त्याच वर्षी हेन्लेच्या चालकांनी 'अमॅच्युअर' शब्दाची आपली व्याख्या जाहीर केली. 1884 साली कोशाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यात हा शब्द होताच. आणि त्याचा पहिला अर्थ आवड असणारा, प्रेम करणारा असाच दिलेला होता. कोशात एक अर्थ आणि नदीवर दुसरा, ही गोष्ट शब्दांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास खटकली नसती तरच नवल.

पण त्यांना खटकत होते त्याचे खरे कारण कोशात नव्हते. 1854 साली लंडनमध्ये कामगारांसाठी एक महाविद्यालय निघाले. दिवसभर कारखान्यात काम करणाऱ्यांनी रात्री येऊन गणित, चित्रकला, इतिहास शिकावा, अशी ती संस्था. फर्निव्हल तेथे इंग्रजी भाषा आणि वाङ्मय शिकवीत. नुसते वर्गात शिकवून त्यांचे समाधान होईना. रविवारी ते विद्यार्थ्यांना घेऊन लांब फिरावयास जात, नाचाचे जलसे करीत, नदीवर नेऊन वल्हवावयास शिकवीत. संस्थेचे आद्य संस्थापक मॉरिस हे धर्मोपदेशक होते. रविवारच्या ह्या सहली त्यांना पसंत पडत नसत, आणि त्यावरून दोघांत खटके उडाले. फर्निव्हल मागे हटले नाहीत. ज्याला आठवड्यात एकच दिवस सुटी आहे त्याने त्या एका दिवशी उघड्या हवेत जाऊ नये, हे म्हणणे त्यांच्या गळी उतरेना. अशा माणसांच्या हातून वल्हे हिसकावून घेणारा नियम त्यांना सहन होणे शक्यच नव्हते. 1890 साली त्यांनी व त्यांच्या समविचारी मंडळींनी दुसरा राष्ट्रीय संघ स्थापन केला. पैशासाठी खेळणाऱ्यास मज्जाव त्यानेही ठेवला. कारागीर व मजूर ह्यांना वगळणारे कलम मात्र पार काढून टाकले. तेव्हापासून पासष्ट वर्षांहून अधिक काळ इंग्लंडात हौशी वल्हेकऱ्यांचे दोन संघ नांदले आणि एकाचा हौशी दुसऱ्यास मान्य नव्हता.

इतके झाले तरी अजून अर्धा समाज काठावरच उभा होता. मजूर पुरुषाच्या बाजूने बोलणारे चार जण निघाले. दुकानात उभ्या राहणाऱ्या मुलीचा विचार कोण करतो? त्या काळच्या दुकानांतील कामाचे तास पाहिले तर छाती दडपते. 1886 साली पार्लमेंटाने कायदा केला तो अठरा वर्षांखालील मुलामुलींकडून आठवड्यात 74 तासांहून अधिक काम घेऊ नये, असा. आणि ही दया समजली गेली. अठराच्या वरच्या मुलीला तेवढेही संरक्षण नव्हते. सकाळपासून रात्रीपर्यंत पायांवर उभे राहावयाचे, गिऱ्हाईकाशी हसून बोलावयाचे आणि रात्री मालकाने दिलेल्या किंवा भाड्याच्या कोंदट खोलीत अंग टाकावयाचे. रविवार तेवढा मोकळा. त्या रविवारी जावे कोठे? राष्ट्रीय वस्तुसंग्रहालये रविवारी उघडी ठेवण्याचा ठराव पार्लमेंटात झाला तोच मुळी 1896 साली.

ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस घालविणारे फर्निव्हल दुपारी जवळच्या एका चहाच्या दुकानात जाऊन बसत. मित्रांनी त्यांना गाठावयाचे ते तेथेच. पांढरी शुभ्र दाढी, गुलाबी रंगाची गळपट्टी, टेबलावर पुराव्यांचे कागद आणि भोवती विद्वानांची नि विद्यार्थ्यांची गर्दी, असा तो दरबार असे. चहा आणून देणाऱ्या मुलींशीही ते तितक्याच आस्थेने बोलत. त्यांची विचारपूस करीत. आणि रविवारी नदीवर येण्याचे आमंत्रण देत. त्यांतूनच 1896 साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी हॅमरस्मिथ येथे मुलींसाठी नौकामंडळ काढले. कष्टाची नोकरी करणाऱ्या मुली हाच त्या मंडळाचा आधार होता. कोणाच्या वडिलांचा धंदा काय आणि कोण किती तास कोठे राबते, ही चौकशी त्याच्या दारात होत नसे.

मंडळाने जो प्रकार निवडला तोही विचारपूर्वक निवडलेला होता. शर्यतींच्या मोठ्या नावांत सहसा एकेकाच्या हाती एकच लांब वल्हे असते. एक जण डाव्या बाजूस ओढतो तर दुसरा उजव्या. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाच्या दोन हातांत दोन आखूड वल्ही असतात. त्याला 'स्कलिंग' म्हणतात. एका वल्ह्याने शरीर एकाच अंगास वळते, दोन वल्ह्यांनी दोन्ही अंगांस सारखा व्यायाम होतो, म्हणून हा प्रकार श्रेष्ठ, असे फर्निव्हल आग्रहाने सांगत. मंडळाच्या नावातही त्यांनी तोच शब्द घातला. ह्या प्रकाराला बळापेक्षा मेळ अधिक लागतो. दोन्ही वल्ह्यांची पाती एकाच क्षणी पाण्यात शिरली पाहिजेत, पाय रेटून, पाठ सरळ ठेवून ओढ घेतली पाहिजे, आणि पाती एकाच क्षणी बाहेर पडून हवेत आडवी फिरली पाहिजेत. एखादे पाते तिरपे होऊन खोल गेले की पाणी त्याला धरून ठेवते आणि वल्ह्याची मूठ फाडकन पोटात बसते. इंग्रज वल्हेकरी ह्याला खेकडा पकडणे म्हणतात. पायघोळ झगा घालून नावेत बसणाऱ्या नवख्या मुलींनी असे किती खेकडे पकडले असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

हॅमरस्मिथला थेम्स समुद्राच्या भरती-ओहोटीने वर-खाली होते. दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते. ओहोटीला काठचा चिखल उघडा पडतो. त्यामुळे तेथील नौकामंडळाचे वेळापत्रक घड्याळ ठरवीत नाही. ते नदी ठरविते. भरतीचे पाणी रिचमंडच्या दिशेने वर धावू लागले की त्याच्या पाठीवर नावा सोडावयाच्या आणि ओहोटी लागली की परतावयाचे. हॅमरस्मिथ ते रिचमंड आणि परत हा प्रवास सुमारे 14 मैलांचा. फर्निव्हल दर रविवारी तो करीत, आणि वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावरही करीत. वाटेत काठावर उतरून सगळ्यांनी मिळून फराळ करावयाचा, गप्पा मारावयाच्या, आणि संध्याकाळी अंगभर ऊन आणि हातभर फोड घेऊन घरी जावयाचे. ज्या मुलीला सहा दिवस 'हे आण, ते ने' एवढेच ऐकावयाचे असे, ती सातव्या दिवशी नावेच्या सुकाणूवर बसून एका कोशकारास डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या म्हणून हुकूम सोडी. ह्या एका गोष्टीत त्या मंडळाचे सारे तत्त्वज्ञान आले.

लोक हसले नाहीत असे नाही. पांढऱ्या दाढीचा म्हातारा तरुण मुलींना घेऊन नदीवर जातो, ह्यावर टवाळखोरांना बोलावयास पुष्कळ सापडे. फर्निव्हल ह्यांच्या स्वभावातही दोष होते. ते हट्टी होते, भांडखोर होते. एकदा वाद पेटला की लेखणीला लगाम राहत नसे. शेक्सपिअरवरील वादात त्यांनी स्विनबर्न ह्या कवीच्या नावाची छापील विटंबना केली आणि स्वतःचे पुष्कळ मित्र गमावले. त्यांचा संसारही सुखाचा झाला नाही. 1883 साली पतिपत्नी विभक्त झाली. त्यांच्या संपादनातील घाईबद्दल विद्वानांनी तक्रारी केल्या आहेत. हे सारे खरे मानूनही एक गोष्ट शिल्लक राहते. ज्या माणसाने मध्ययुगीन इंग्रजी ग्रंथ छापण्यासाठी 1864 साली संस्था काढली, चॉसरसाठी 1868 साली आणखी एक काढली, त्याच माणसाने त्याच उत्साहाने दुकानातील मुलींसाठी नौकामंडळ काढले. त्याच्या लेखी ही दोन कामे निराळी नव्हती. एकीकडे कुलुपात पडलेले ग्रंथ लोकांच्या हाती द्यावयाचे होते, दुसरीकडे कुलुपात पडलेली नदी.

1901 साली ह्या मंडळाने पुरुषांनाही सभासद करून घेतले. जेथे पुरुषांच्या मंडळात स्त्रियांना घ्यावे की नाही, हा प्रश्न पुढे कित्येक दशके लोंबकळत राहिला, तेथे स्त्रियांच्या मंडळाने पुरुषांना आपण होऊन आत घेतले. मंडळाला संस्थापकाचे नाव मिळाले आणि 'फर्निव्हल स्कलिंग क्लब' म्हणून ते ओळखले जाऊ लागले. 1910 साली डॉक्टरांनी फर्निव्हल ह्यांना असाध्य रोग झाल्याचे सांगितले. त्यांनी ही बातमी मरे ह्यांना जणू प्रवासाला निघाल्यासारखी, हसतमुखाने कळविली. आणि कोश पुरा झालेला पाहता येणार नाही, एवढीच हळहळ व्यक्त केली. त्या वर्षीच्या 2 जुलैला ते वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या मित्रांनी आठवणींचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात नामांकित पंडितांच्या लेखांच्या पंगतीला चहाच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीचीही आठवण छापलेली आहे. फर्निव्हल ह्यांना स्वतःला कोणता लेख अधिक आवडला असता, हे सांगावयास ज्योतिषी नको.

त्यांच्या मृत्यूनंतरही ते कलम जिवंत होते. 1920 साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाचा जॉन केली हा वल्हेकरी हेन्लेच्या शर्यतीस यावयास निघाला. त्याचा अर्ज नाकारण्यात आला. त्याच्या मंडळाशी हेन्लेच्या चालकांचे जुने भांडण होते हे एक कारण. आणि केलीने गवंडीकाम केले होते हे दुसरे. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांत ह्या गवंड्याने एकट्याच्या नावेत इंग्लंडच्या जॅक बेरेसफर्डला सेकंदभराने मागे टाकून सुवर्णपदक मिळविले, आणि त्याच दिवशी दोघांच्या नावेतही मिळविले. काळाने पुढे ह्याची फेड केली. केलीच्या मुलाने 1947 व 1949 साली हेन्लेची तीच शर्यत जिंकली. 1936 साली बर्लिनला निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या आठ जणांच्या संघासही हेन्लेचे दार बंद झाले. कारण ते सिडनीचे पोलीस शिपाई होते. ह्यावर मात्र एवढा गवगवा झाला की, 1937 साली जुन्या संघाला मजुरीचे कलम काढून टाकावे लागले, आणि हेन्लेनेही तीच वाट धरली. 1956 साली दोन्ही संघ एक झाले. फर्निव्हल ह्यांनी 1890 साली जे म्हटले होते, ते सर्वमान्य व्हावयास अशी जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

स्त्रियांची वाट त्याहून लांबची निघाली. ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांच्या नौकाशर्यतींचा समावेश झाला तो 1976 साली, माँट्रिअल येथे. हेन्लेच्या मेळ्यात स्त्रियांसाठी आमंत्रितांच्या शर्यती 1981 साली ठेवण्यात आल्या आणि खुली शर्यत 1993 साली. ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या विद्यार्थिनी हॅमरस्मिथच्या पुलाखालून, म्हणजे त्याच पाण्यावर, विद्यार्थ्यांच्या बरोबरीने एकाच दिवशी शर्यतीस उतरल्या त्या 2015 साली. चहाच्या दुकानातील मुली तेथून गेल्या त्याला तोवर 119 वर्षे झाली होती.

ह्या कथेचा एक धागा महाराष्ट्रातही येऊन पोचतो. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. हा मुलूख अवर्षणाचा; पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावयाचा. तेथील दत्तू भोकनळ ह्या तरुणाने वडिलांबरोबर विहिरी खणण्याची मजुरी केली. 2012 साली तो लष्करात शिपाई म्हणून दाखल झाला, आणि पुण्यात खडकीच्या लष्करी केंद्रात त्याच्या हाती पहिल्यांदा वल्हे आले. चार वर्षांत, 2016 साली, रिओच्या ऑलिंपिक सामन्यांत तो एकट्याच्या नावेतून भारतातर्फे उतरला आणि तेरावा आला. 2018 सालच्या आशियाई सामन्यांत चौघांच्या नावेत त्याने साथीदारांसह सुवर्णपदक मिळविले. दोन्ही वेळा त्याच्या हातांत दोन वल्ही होती, म्हणजे प्रकार फर्निव्हल ह्यांच्या आवडीचाच. 1879 च्या व्याख्येप्रमाणे हा तरुण हेन्लेच्या काठावर उभा राहून केवळ पाहू शकला असता; मजुरीचा डाग त्याच्या हाताला होता.

हॅमरस्मिथला नदीकाठी 1951 साली एक बाग करण्यात आली. तिला फर्निव्हल ह्यांचे नाव आहे. तिच्यापासून थोड्याच अंतरावर त्यांच्या मंडळाच्या नावा अजूनही भरती पाहून पाण्यात उतरतात आणि ओहोटीबरोबर परत येतात. त्यांत मुली असतात, मुलगेही असतात. काठावरून पाहणाऱ्याला त्यांतला कोण कारकून, कोण कारागीर आणि कोण पंडित हे ओळखता येत नाही. वल्ह्याची पाती एकदम पाण्यात पडतात की नाही, एवढेच दिसते.